डॉक्टरच्या बाजूनं कोण?

आमच्या सरांना 'बराबर हाय' हे शब्द सहन होत नसत. तोंडावर शिवी घातली तर ते खुशाल ऐकून घ्यायचे, वर "कशावरून?" म्हणून विचारायचे. पण कोणी मान डोलावून "बराबर हाय सर" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. हातातला चहा तसाच ठेवून उठायचे. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला शेंगदाणा सोसत नाही. सरांना होकार सोसत नसे.

अकरावी-बारावीला ते आम्हाला संगणक शिकवायचे. हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजात तेव्हा संगणकांची एक खोली होती. खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर फुलाफुलांची झाकणं आणि दाराशी पाटी : 'चपला बाहेर काढा'. मी पुजाऱ्याच्या घरची, त्यामुळे चपला काढून, जवळजवळ हात जोडूनच आत जायची. सर मात्र वहाणा करकरवत आत शिरायचे. प्राचार्यांनी एकदा हटकलं तर म्हणाले, "काहून? देव हाय का तो? आन् देव असला तर वहाणेनं बंद कसा पडतो?" मग माझ्याकडे वळले. "पोरी, तुज्या बापाचा देव पडतो का बंद?"

मी घाबरत म्हटलं, "न्हाई सर."

घरी हे सांगितलं तर वडील म्हणाले, "माणूस वाह्यात आहे. पण त्याला विचार, देवळात येतो तेव्हा मग कशाला काढतो?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. सर इतके खूश झाले की शिकवायचं सोडून त्यांनी पूर्ण तास माझ्या वडिलांशी वाद घातला, वडील तिथं नसताना. दोन्ही बाजू स्वतःच मांडल्या. वडिलांची बाजू जरा जास्तच चांगली मांडली, असं आज वाटतं.

फळ्यावर ते मुद्दाम काहीतरी चुकीचं लिहायचे आणि खडू हातात घोळवत वाट बघायचे. आम्ही शहाणी लेकरं ते इमानदारीत उतरवून घ्यायचो. मग ते वैतागायचे. "लिहून काय राहिले? भांडा की!" परीक्षेच्या तोंडावर भांडायला कोणाला वेळ असतो? पालक तक्रारी करायचे की पोर्शन होत नाही. होत नव्हताच. तक्रार खरी होती.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. सर सेनगावकडच्या एका तांड्यातले. आजा तांड्याचा नायक. तांड्यात भांडणतंटा झाला की निंबाखाली नसाब बसायची, म्हणजे त्यांची पंचायत. आणि त्यांच्या तांड्याची एक रीत होती. दोघांपैकी एक जण मेलेला असला, परागंदा झाला असला किंवा त्याच्यासाठी बोलणारं कोणीच नसलं, तर नायक आधी विचारायचा, "ह्याच्या बाजूनं कोण?" कोणीतरी उठून त्या रिकाम्या जागेवर बसेपर्यंत नसाब सुरू व्हायची नाही. आणि जो बसेल त्यानं उगी तोंडदेखलं बोलायचं नाही. स्वतःचं घर जळत असल्यासारखं भांडायचं.

सर कॉलेजला असताना सुट्टीत गावी आले आणि अशाच एका जागेवर बसले. मेलेल्या शेजाऱ्याच्या बांधाचं प्रकरण होतं. समोर त्यांचाच सख्खा चुलता. सर जिंकले. बांध मेलेल्याच्या विधवेला परत मिळाला आणि चुलता मरेपर्यंत सरांशी बोलला नाही.

"वाईट वाटलं का सर?" मी विचारलं होतं.

"वाटलं की. पण आज्यानं त्या दिवशी पाठीवर हात ठेवला. तेवढ्यावर जगून राहिलो मी."

माणसाच्या पाठीवर चुकीच्या वेळी हात ठेवू नये, असं मला तेव्हापासून वाटतं. कारण सरांनी पुढचं सगळं आयुष्य रिकामी जागा शोधण्यात घालवलं. लग्नाला गेले तर रुसून बसलेल्या व्याह्याची बाजू. स्टाफरूममध्ये नावडत्या शिपायाची. निवडणुकीत जो पडला त्याची, मग तो पडण्याच्याच लायकीचा का असेना. अशा माणसाला लोक आधी गमतीनं बोलावतात, मग टाळतात. सरांना मित्र होते, पण टिकले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली आणि मग एस.टी. डेपोसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, निकालाची प्रिंट, झेरॉक्स. सर तोवर रिटायर झाले होते. रोज दुपारी ते येऊन झेरॉक्स मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि दुकानातली एकमेव बरी खुर्ची, प्लास्टिकची, हात असलेली, समोर सरकवून ठेवायचे. "समोरच्याला आरामात बसू द्यावं. लवकर उठत न्हाई." त्या खुर्चीत माझं गिऱ्हाईक टेकलं की ते सरांच्या तावडीत सापडलंच. आणि विषय ठरलेला. डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे आमच्या जिल्ह्याचा अभिमान. डोंगरकड्याच्या बाजूच्या एका खेड्यात जन्मले, शिकायला आधी हैदराबादला आणि मग मुंबईला गेले, आणि या देशात संगणक नावाची वस्तू कोणी पाहिली नव्हती तेव्हा त्यांनी एक बनवला. खोलीभर मोठा. त्यांचा फोटो आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होता, खाली लिहिलेलं : 'संगणकाचे जनक'. त्यांचं नाव मी इथं घेत नाही. सर आयुष्यभर नुसतं डॉक्टर म्हणाले, मीही तेच म्हणते.

सगळं हिंगोली डॉक्टरांच्या बाजूनं होतं. मग सर कुठे असणार?

"जनक म्हणे! एकट्यानं पोरगं होतं का कुठं?" ते खुर्चीतल्या माणसाला विचारायचे. खुर्चीतला माणूस सातबारा घ्यायला आलेला असायचा. "त्या मशीनच्या आधी तिथं बाया बसायच्या. पेन्सिलीनं आकडेमोड करायच्या. मशीननं दिलेलं उत्तर बराबर का चूक, हे त्या बाया तपासायच्या. मशीन शिकलं आन् बाया घरी गेल्या. तारा जोडणारे वायरमन गेले. फोटो कोणाचा ऱ्हायला? त्याचा एकट्याचा. त्याचा खरा वारसा काय, सांग. मशीन तर भंगारात गेलं."

माणूस म्हणायचा, "बराबर हाय सर. माजा सातबारा तेवढा..."

सर उठून डेपोकडे बघत उभे राहायचे.

एकदा मात्र त्यांना जोडीदार भेटला. हळद बाजारात यायचे दिवस होते. मोंढ्याकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाचे कपडे पिवळे आणि माझा कीबोर्डही पिवळा. एक म्हातारी अंगठा द्यायला आली होती. जन्मभर हळद काढून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या; मशीन काही तिचा अंगठा घेईना. पुसून झालं, तेल लावून झालं. सर स्टुलावरून म्हणाले, "बघ माय, हाच त्या डॉक्टरचा वारसा. तू तूच हायेस, हे मशीनला पटंना."

म्हातारी फणकारली. "डाक्टर कोण मला ठाव न्हाई. पण माजा लेक पुण्याहून रोज संध्याकाळी फोनात तोंड दावतो. ते बी त्याच्याच मशीनचं असंल ना? मग त्याला काहून शिव्या देऊन राहिला तू?"

"तोंड दावतो, पण येतो का घरी?"

"न्हाई आला तरी तोंड तर दिसतं. आधी दिसायचं का? माजा भाऊ हैदराबादला गेला, तो मेला का हाय ते बी कळलं न्हाई आमाला. गप बस."

सरांनी तिला चहा पाजला, भजी खाऊ घातली, जीपपर्यंत सोडून आले. परत आल्यावर किती वेळ स्वतःशीच हसत होते. "काय भांडली, पोरी! गप बस म्हणाली मला." मला तेव्हा हसू आलं आणि लगेच विरलंही. या माणसाला दिवसभरात कोणी गप बस म्हणणारंसुद्धा नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

घरी कोण होतं त्यांना? बायको गेलेली. एकुलता मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटरमध्येच. रोज न चुकता फोन करायचा, गुणी पोरगा. सर माझ्या दुकानातच फोन घ्यायचे. पलीकडून ऐकू यायचं, "हो बाबा. हो. हो बाबा." सर फोन ठेवायचे आणि म्हणायचे, "सोन्यासारखं लेकरू हाय. पण हो म्हणणाऱ्याशी माणूस किती येळ बोलंल?"

मग कॉलेजच्या नव्या इमारतीला डॉक्टरांचं नाव द्यायचं ठरलं. समिती झाली, पुतळ्याचीही भाषा झाली. सरांनी विरोधाचं निवेदन दिलं, चौकात उभे राहून बायांची आणि वायरमनची कहाणी सांगितली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. "घरचा माणूस मोठा झालेला ह्यांना बघवत न्हाई," असं समितीचे अध्यक्ष माझ्या दुकानात येऊन मुद्दाम मोठ्यानं बोलून गेले. सर त्या दिवसांत अगदी टवटवीत होते.

आणि मुंबईच्या एका पेपरात लेख आला. डॉक्टरांबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाईंची मुलाखत होती. आमची नावं पुसली, श्रेय एकट्यानं घेतलं, असं त्या सांगत होत्या. तो लेख व्हॉट्सअॅपवर फिरला आणि दोन दिवसांत हिंगोली फिरलं. काल हार घालणारे आज डॉक्टरांना चोर म्हणू लागले. शाळेच्या व्हरांड्यातला फोटो कोणी काढला ते कळलं नाही. अध्यक्ष शाल घेऊन माझ्या दुकानात हजर.

"सर, तुमचंच बराबर निघालं. आमी आंधळे होतो. परवा सभा हाय. तुमी बोलायचं. सगळं गाव तुमच्या बाजूनं हाय."

कोणालाही वाटेल, हा सरांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. ते स्टुलावर बसून होते. अध्यक्ष गेल्यावर ती शाल त्यांनी झेरॉक्स मशीनवर ठेवली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मला एकदम कळलं, सभेत काय होणार आहे.

"सर," मी म्हटलं, "नका. लोक पाठीशी आहेत. एकदा तरी बसा ना लोकांसोबत."

"आन् तिकडं कोण बसंल?"

सभेला मैदान भरलं होतं. सर माईकसमोर उभे राहिले. "ज्या बाया घरी गेल्या त्यांच्यावर अन्याय झाला, हे मी म्हणून राहिलो होतो तेव्हा तुमी हसले. आज त्या माणसाच्या बाजूनं बोलणारं इथं कोण हाय? कोणीच न्हाई. म्हणून मी बोलतो." आणि ते डॉक्टरांच्या बाजूनं बोलले. ज्याच्या गावात दिवा नव्हता त्यानं विजेच्या मेंदूचं स्वप्न पाहिलं. वरचे साहेब म्हणत होते, विलायतेहून मशीन आणू, आपल्याच्यानं होणार नाही. तो म्हणाला, होईल. मशीन गरम व्हायचं, चुकायचं, लोक हसायचे, तो रात्रंदिवस त्याच्या उशाशी. "पोरांनो, त्यानं नावं पुसली असतील. पण त्या बायांच्या नावावर पुसायजोगं काम झालं, ते कोणामुळं? त्यानं मोठं काम केलं आन् मोठी चूक केली. वारसा दोन्हीचा असतो. तुमाला एकच पायजे असतो."

पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही. "पलटी मारली, पलटी मारली," असा ओरडा झाला. माईक बंद झाला. सर माईकशिवाय थोडा वेळ बोलत राहिले आणि मग खाली उतरले.

इमारतीवर आज नुसतं 'संगणक भवन' लिहिलं आहे. कोणाचंच नाव नाही. त्यावर कोणाचीच हरकत नाही.

त्यानंतर सरांशी भांडणंही बंद झालं. आधी ते विरोधक तरी होते. आता ते कोणीच नव्हते. चौकातल्या हॉटेलवाल्याला मी स्वतः बघितलं, सर येताना दिसले की तो टीव्ही मोठा करायचा. डॉक्टरांच्या बाजूचे म्हणायचे, आधी ह्यानंच आग लावली. विरोधातले म्हणायचे, ऐन वेळी फिरला. सर माझ्या दुकानात यायचे आणि आपल्या हातानं खुर्ची समोर ओढायचे. गिऱ्हाइकं उभ्यानं फॉर्म भरून घ्यायची. मला त्यांचा राग यायचा, गिऱ्हाइकांचा आणि सरांचाही.

अशाच एका दुपारी मी त्या खुर्चीत जाऊन बसले. दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं, आज खरं काय ते काढूनच घेऊ. सर तरुणपणी मुंबईला ट्रेनिंगला गेले असताना डॉक्टरांना एकदा भेटले होते. ती गोष्ट मी दोन प्रकारे ऐकली होती. विरोधात असायचे तेव्हा सांगायचे, "मराठवाड्यातून आलो म्हणालो, तर पाणी बी विचारलं न्हाई." सभेनंतर मात्र सांगू लागले, "स्वतः उठून माठातलं पाणी दिलं त्या माणसानं."

"सर, खरं सांगा. डॉक्टरांनी पाणी दिलं का नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, त्या खोलीत आमी दोघंच होतो. तो आता न्हाई. म्हणजे मी जे सांगीन तेच खरं होऊन बसणार. हे काय न्यायाचं हाय का? म्हणून मी दोन्ही सांगतो."

"पण एक काहीतरी झालंच असेल ना?"

"झालं असंल. मला तहान नव्हती."

मी चिडले. म्हटलं, हे तुमचं चूक आहे, साफ चूक. जो उरला त्यानं खरं सांगायला पाहिजे, नाहीतर कोणाचंच खरं उरायचं नाही. सरांनी चष्मा लावला, स्टूल पुढे ओढलं आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो. मी दोन फॉर्म घालवले त्या नादात. मधेच ते हसले आणि म्हणाले, "माजी बायको असंच भांडायची." मग सांगत गेले. तिनं संसारात एकदाही त्यांचं म्हणणं मान्य केलं नव्हतं. भाजीपासून देवापर्यंत. ती नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा सर उशाशी बसून काहीतरी बडबडत होते. ती हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचं बराबर हाय."

"त्या येळेला कळलं मला, ही आता निघाली."

दुकानाचं शटर ओढलं तेव्हा त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवली.

त्या दिवसानंतर मी रोज थोडा वेळ त्या खुर्चीत बसायची. पटत असलं तरी नाही म्हणायची. नवरा म्हणायचा, तू हल्ली घरीही तसंच करायला लागलीस.

गेल्या थंडीत सर गेले. झोपेतच. मुलगा बेंगळुरूहून आला. कॉलेजच्या हॉलमध्ये, त्याच बिननावाच्या इमारतीत, शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्ती. प्राचार्य बोलले, अध्यक्ष बोलले, टीव्ही मोठा करणारा हॉटेलवालाही बोलला. सर थोर होते. सर काळाच्या पुढे होते. सरांचं बरोबर होतं, आम्हीच चुकलो. एकेक जण उठत होता आणि तेच म्हणत होता, 'बरोबर होतं, बरोबर होतं'. मुलगा पहिल्या रांगेत बसून सगळ्याला मान हलवत होता. मला सरांच्या फोटोकडे बघवेना. आत्ता हा माणूस जिवंत असता तर उठून बाहेर गेला असता.

माझं नाव कोणी पुकारलं नव्हतं. मी उठले.

"सर हेकट होते," मी म्हटलं. "पोर्शन कधी पुरा केला नाही. आमच्या बॅचची अर्धी मुलं त्यांच्यामुळे नापास झाली. सख्ख्या चुलत्याला दुरावले, मित्र घालवले, माझी गिऱ्हाइकं घालवली. डॉक्टरांना आधी बदनाम केलं, मग त्यांचीच वकिली केली आणि दोन्हीकडून गावाचा वेळ खाल्ला. माणसांची बाजू घेता घेता त्यांनी एकही माणूस जवळ ठेवला नाही. हा काही थोरपणा नाही. हे चुकलं त्यांचं."

मी सगळं बोलले. प्राचार्य उठून "बाई, प्रसंग काय..." म्हणू लागले. सेनगावकडच्या तांड्यातले लोक आले होते; तेवढ्यात मागच्या रांगेतून त्यांच्यातला एक फेटेवाला म्हातारा काठी टेकत उभा राहिला. तो रागावलेला नव्हता.

"बाई ठीक बोलल्या," तो म्हणाला. "आता ह्याच्या बाजूनं कोण?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग पहिल्या रांगेतला मुलगा उठला. माझ्यासमोर एक खुर्ची रिकामी होती, तिथं येऊन बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"नाही ताई," तो म्हणाला. "तुमचं चूक आहे. मी सांगतो, ऐका."

मी माझी खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली.